नट रंगमंचावर परत का जातो? किलियन मर्फीची कारकीर्द समजून घेताना

‘ओपेनहायमर’ पाहिलेले अनेक मराठी प्रेक्षक त्या चित्रपटातल्या नायकाचे नाव ‘सिलियन’ असे वाचतात. ते ‘किलियन’ असे वाचायला हवे, कारण आयरिश भाषेत ‘सी’ या रोमन अक्षराचा उच्चार ‘क’च्या वळणाचाच होतो. १० मार्च २०२४ रोजी या किलियन मर्फीला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले आणि आयर्लंडमध्ये जन्मलेला एखादा नट हा पुरस्कार पहिल्यांदाच घेऊन गेला. (डॅनियल डे-लुईसकडे आयरिश नागरिकत्व आहे आणि त्याला हा पुरस्कार तीनदा मिळालेला आहे, पण त्याचा जन्म लंडनचा.) त्यानंतर त्याच्याविषयी जे लेख आले, त्यांतल्या बहुतेकांनी त्याची कारकीर्द जिन्यासारखी मांडली: आधी छोटे नाटक, मग छोटा चित्रपट, मग मोठा चित्रपट आणि सर्वांत वरच्या पायरीवर सोनेरी बाहुली. ही मांडणी सोयीची असली तरी चुकीची आहे, असे मला वाटते. ती बरोबर असती, तर २०१० मध्ये ‘इन्सेप्शन’सारख्या जगभर चाललेल्या चित्रपटात दिसलेल्या नटाने पुढच्याच वर्षी गॉलवे या किनाऱ्यावरच्या छोट्या शहरात जाऊन, एका महोत्सवासाठी, एकट्याने पेलायचे नाटक का करावे, याचे उत्तर देता येत नाही. ते उत्तर शोधायचे असेल, तर आयर्लंडमध्ये नट कसा तयार होतो, रंगमंच त्याला काय देतो आणि कॅमेरा त्याच्याकडून काय मागतो, या तीन गोष्टी नीट समजून घ्याव्या लागतात.

आयर्लंडच्या प्रजासत्ताकाची लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेनुसार साधारण ५१ लाख, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या शहराएवढी आहे. एवढ्याशा देशातून इतके नट बाहेर पडतात याचे कारण रक्तात किंवा मातीत शोधण्याची हौस पुष्कळांना असते. मला मात्र ते संस्थांमध्ये आणि भूगोलात अधिक दिसते. डब्लिनमध्ये १९०४ साली ॲबी थिएटर सुरू झाले आणि १९२५ मध्ये नवजात आयरिश सरकारने त्याला ८५० पौंडांचे अनुदान दिले. इंग्रजी भाषक जगात सरकारी अनुदान मिळवणारे हे पहिले नाट्यगृह. १९२८ मध्ये त्याच शहरात गेट थिएटर उभे राहिले, १९७५ मध्ये गॉलवेत ड्रुइड हे नाट्यमंडळ निघाले आणि डब्लिनबाहेरही व्यावसायिक नाटक उभे राहू शकते हे त्याने दाखवून दिले. १९९१ मध्ये दक्षिणेकडच्या कॉर्क शहरात कॉर्काडोर्का नावाचे मंडळ सुरू झाले. दुसरीकडे लंडन विमानाने तासाभराच्या अंतरावर असते, भाषा इंग्रजी असते आणि दोन देशांमधल्या जुन्या व्यवस्थेमुळे आयरिश माणसाला ब्रिटनमध्ये काम करायला परवाना लागत नाही. त्यामुळे आयरिश नट घरच्या अनुदानित रंगभूमीवर शिकतो, पण त्याची बाजारपेठ मात्र पन्नास लाखांची राहत नाही.

हा रस्ता जुना आहे. बॅरी फिट्झजेराल्ड या नटाचे खरे नाव विल्यम शील्ड्स. तो दिवसा डब्लिनमध्ये सरकारी नोकरी करी आणि संध्याकाळी ॲबीच्या रंगमंचावर उभा राही, आणि वरिष्ठांना सुगावा लागू नये म्हणून त्याने नाव बदलून घेतले होते. चाळिशी उलटल्यावर त्याने नोकरी सोडली, पुढे हॉलिवूडला गेला आणि ‘गोइंग माय वे’ या १९४४ च्या चित्रपटातल्या एकाच भूमिकेसाठी त्याला मुख्य आणि साहाय्यक अशा दोन्ही गटांत ऑस्करचे नामांकन मिळाले. साहाय्यक गटातले पारितोषिक त्याला मिळाले आणि अकादमीला पुढे नियम बदलावा लागला. फिट्झजेराल्डच्या पिढीतला नट एकदा समुद्र ओलांडून गेला, की सहसा तिकडचाच होऊन जाई. मर्फीच्या पिढीत झालेला खरा बदल म्हणजे ये-जा सुरू झाली, आणि त्याची कारकीर्द या ये-जा करण्यातूनच घडलेली आहे.

मर्फीचा जन्म २५ मे १९७६ चा, कॉर्कच्या डग्लस या उपनगरातला. वडील शिक्षण खात्यात, आई फ्रेंचची शिक्षिका. चार भावंडांत हा थोरला. अशा घरातला मुलगा शिकून स्थिर नोकरी धरील अशीच सगळ्यांची अपेक्षा होती आणि त्याप्रमाणे तो कॉर्कच्या विद्यापीठात कायदा शिकायला गेलाही, पण पहिल्या वर्षाच्या परीक्षेत नापास झाला. त्याचे मन गाण्यात होते. भावाबरोबर त्याने एक बँड काढला होता आणि लंडनच्या ॲसिड जॅझ या कंपनीने त्यांना पाच अल्बमचा करारही देऊ केला होता. भाऊ अजून शाळेत होता, घरच्यांना हे पसंत नव्हते, शिवाय करारात पैसे थोडे आणि गाण्यांवरचा हक्क कंपनीचा. तेव्हा त्यांनी नकार दिला. नंतर मोठ्या झालेल्या माणसांच्या चरित्रांत असे नकार दूरदृष्टीचे म्हणून सांगितले जातात. त्या वेळी तो फक्त एक हुकलेला करार होता.

त्याच सुमारास त्याने कॉर्काडोर्काचे ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ पाहिले. पॅट कीर्नन या दिग्दर्शकाने ते नाट्यगृहात न करता ‘सर हेन्रीज’ नावाच्या नाइटक्लबमध्ये केले होते, म्हणजे प्रेक्षक खुर्चीत मागे रेलून बसलेले नव्हते आणि नट त्यांच्यापासून हातभर अंतरावर वावरत होते. नाटक म्हणजे मखमली पडदा आणि शांत सभागृह असेच ज्याला वाटत होते, त्या गाण्याबजावण्यातल्या मुलाला हे नवे होते. तो कीर्ननच्या मागे लागला, चाचणीसाठी हट्ट धरून बसला आणि १९९६ च्या ऑगस्टमध्ये त्याला एका नव्या नाटकात काम मिळाले. नाटक होते ‘डिस्को पिग्ज’, लेखक एन्डा वॉल्श आणि समोरची नटी आयलीन वॉल्श. (आडनाव एकच असले तरी लेखक डब्लिनचा, नटी कॉर्कची, आणि एन्डा हे पुरुषाचे नाव.) मर्फीने कुठल्याही नाट्यविद्यालयात पाऊल ठेवलेले नव्हते.

या नाटकापाशी थोडे थांबायला हवे, कारण पुढच्या सगळ्याची मुळे इथे आहेत. एकाच दिवशी, एकाच रुग्णालयात जन्मलेले दोन शेजारी, एक मुलगा आणि एक मुलगी, लहानपणापासून इतके एकमेकांत गुंतलेले असतात की त्यांनी स्वतःची एक भाषा तयार केलेली असते. कॉर्कची बोली, लहान मुलांचे बोबडे उच्चार आणि प्राण्यांचे आवाज यांची ती सरमिसळ आहे. मुलगा स्वतःला ‘पिग’ म्हणजे डुक्कर म्हणवतो आणि मुलगी ‘रंट’ म्हणजे डुकरिणीच्या वेतातले सगळ्यांत खुरटलेले पिल्लू. सतराव्या वाढदिवसाच्या आसपास मुलाला ती वेगळ्या अर्थाने हवीशी वाटू लागते, मुलीला या दोघांच्या जगाबाहेर जावेसे वाटू लागते, आणि ती दरी हिंसेपर्यंत पोहोचते. रंगमंचावर जवळजवळ काहीही नसते. डिस्को, रस्ता, दारूचा गुत्ता, समुद्र आणि वाटेत भेटणारी सगळी माणसे हे दोन नटच आपल्या शरीरातून आणि आवाजातून उभे करतात. संहितेतले निम्मे शब्द प्रेक्षकाला पहिल्या ऐकण्यात कळत नाहीत, आणि तरीही अर्थ पोहोचवायचा असतो. ज्याचे हे पहिलेच काम आहे, त्याला ‘संवाद नीट म्हणणे म्हणजे अभिनय’ ही समजूत बाळगायची चैनच परवडत नाही; अर्थ लयीत, श्वासात आणि डोळ्यांत ठेवावा लागतो. गाणारा मुलगा या नाटकात का खपून गेला, हेही त्यावरून लक्षात येईल.

कॉर्कमध्ये थोडे आठवडे चालायचे म्हणून बसवलेले हे नाटक एडिंबरोच्या महोत्सवात गाजले आणि मग युरोप, कॅनडा, ऑस्ट्रेलिया असे सुमारे दीड-दोन वर्षे फिरत राहिले. दौऱ्याचे महत्त्व बाहेरच्यांना चटकन कळत नाही. एकच भूमिका शेकडो वेळा, दर वेळी वेगळ्या नाट्यगृहात आणि वेगळ्या भाषेच्या प्रेक्षकांपुढे करताना नटाला दोन गोष्टी आपोआप शिकाव्या लागतात: काल जमलेली जागा आज तशीच जमवायचा प्रयत्न केला, की ती निसटते, आणि प्रेक्षक गप्प का झाला, ऐकत आहे म्हणून की कंटाळला म्हणून, हे पाठीलाही कळायला लागते. मर्फीचे नाट्यविद्यालय म्हणजे हा दौरा. आजचे आयरिश नट बहुधा वेगळ्या वाटेने येतात. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजशी जोडलेली ‘द लिअर’ ही अभिनयसंस्था २०११ मध्ये सुरू झाली, आणि तिथून २०१७ मध्ये बाहेर पडलेल्या पॉल मेस्कलला थेट गेट थिएटरमध्ये ‘द ग्रेट गॅट्सबी’ची मुख्य भूमिका मिळाली. कॉर्काडोर्काने मात्र २०२२ मध्ये आपले काम थांबवले.

‘डिस्को पिग्ज’चा चित्रपट २००१ मध्ये आला, आणि रंगमंच व पडदा यांतला फरक समजून घ्यायला त्याच्याएवढे चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. नाटकात दोघांचे काम बरोबरीचे होते. चित्रपटात मर्फी राहिला, आयलीन वॉल्शच्या जागी मात्र एलेन कॅसिडी आली. नाटकात दोन प्रौढ नट सतरा वर्षांची मुले आहेत असे सांगतात आणि प्रेक्षक ते मान्य करून टाकतो, कारण नाटकाची सुरुवातच ‘चला, असे समजू या’ या कराराने होते. कॅमेऱ्याशी असा करार करता येत नाही. तो चेहरा दाखवतो, त्वचा दाखवतो, आणि निर्मात्यांना पोस्टरवर काय दिसेल याची काळजी असते. रिकाम्या रंगमंचावर शब्दांनी उभा केलेला समुद्र चित्रपटात खरा समुद्र होतो, आणि ते दाखवल्यावर नटाच्या वर्णनाची गरज उरत नाही. साहजिकच नाटकातली अर्धी जादू तिथे कामाची राहिली नाही. राहिली ती फक्त नजर.

त्यानंतरच्या काही वर्षांत मर्फीने दोन्ही कामे एकदमच चालू ठेवली. १९९९ मध्ये डब्लिनच्या गेइटी थिएटरात त्याने ‘जुनो अँड द पेकॉक’ केले; फिट्झजेराल्डने ॲबीमध्ये गाजवलेले तेच १९२४ चे नाटक. दिग्दर्शिका होत्या ड्रुइडच्या गॅरी हाइन्स, ज्यांना आधीच्या वर्षी नाटकाच्या दिग्दर्शनासाठीचा टोनी पुरस्कार मिळाला होता आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या. २००३ मध्ये एडिंबरोत पीटर श्टाइन या जर्मन दिग्दर्शकाच्या ‘द सीगल’मध्ये त्याने चेखॉव्हचा अस्वस्थ तरुण लेखक कॉन्स्टँटिन रंगवला, त्याच्या आईच्या भूमिकेत फिओना शॉ होत्या, त्याही कॉर्कच्याच. पुढच्या वर्षी हाइन्सबाईंनीच त्याला ड्रुइडच्या ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’मध्ये ख्रिस्ती मेहॉनची भूमिका दिली. बापाला मारून आलो असे सांगणारा हा भेदरलेला तरुण, गावाने त्याला वीर ठरवल्यावर बोलता बोलता खरोखरच वीर होत जातो. १९०७ मध्ये पहिल्या प्रयोगाच्या वेळी या नाटकावरून ॲबीत दंगा झाला होता, आणि आयरिश नटांसाठी ही भूमिका म्हणजे एक प्रकारची परीक्षाच असते.

दरम्यान २००२ मध्ये डॅनी बॉइलचा ‘ट्वेंटी एट डेज लेटर’ आला होता. त्यात रुग्णालयात शुद्धीवर आलेला एक तरुण, म्हणजे मर्फी, ओस पडलेल्या लंडनमधून चालत जातो. पहाटेच्या वेळी थोडी थोडी मिनिटे रस्ते रोखून, हलक्या डिजिटल व्हिडिओ कॅमेऱ्यांवर ही दृश्ये टिपली होती. बराच वेळ त्याला बोलायला कुणीच नाही. ‘हॅलो’ अशी हाक मारायची आणि उत्तराची वाट पाहायची, एवढेच. पाहणाऱ्याला सोपे वाटणारे हे काम अवघड असते. रंगमंचावरचा नट शेवटच्या रांगेपर्यंत भावना नेतो, म्हणजे तो बाहेर काहीतरी पाठवत असतो. क्लोज-अपमध्ये कॅमेरा स्वतःच जवळ आलेला असल्यामुळे नटाने काही पाठवायला गेले, की ते जास्त होते. तिथे फक्त विचार करायचा असतो, आणि तो खरा करायचा असतो, कारण डोळ्यांतला खोटा विचार चार मजली पडद्यावर लगेच ओळखू येतो. अनेक चांगले रंगनट इथे अडतात. ते चुकीचे करतात असे नव्हे. वीस रांगांमागे पोहोचायची सवय झालेल्या माणसाला समोरचा प्रेक्षक चार बोटांवर बसला आहे हे शरीराला पटवायला वेळ लागतो.

याच चित्रपटातले मुंडण केलेल्या मर्फीचे छायाचित्र दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलनच्या पाहण्यात आले. त्याने त्याला बॅटमनच्या भूमिकेसाठी चाचणीला बोलावले. मर्फीने बॅटमनचा पोशाख घालून चाचणी दिलीही, पण ती भूमिका त्याची नव्हती हे दोघांनाही कळत होते. चाचणी पाहून नोलनने त्याला २००५ च्या ‘बॅटमन बिगिन्स’मधला स्केअरक्रो हा खलनायक दिला. त्याच वर्षी ‘रेड आय’ या थरारपटात विमानातल्या शेजारच्या सीटवर बसलेला गोड बोलणारा मारेकरीही त्याने केला, आणि दोन्ही चित्रपट लागोपाठ आल्यामुळे त्याच्या निळ्या डोळ्यांवर ‘भीतीदायक’ असा शिक्का बसायला वेळ लागला नाही. चित्रपटउद्योगात शिक्का बसणे हा अपघात नसतो. पात्रनिवड करणाऱ्यांपुढे शेकडो नावे असतात, पैसे घालणाऱ्याला खात्री हवी असते, आणि ‘हा माणूस हे काम करतो’ ही खात्रीची सर्वांत स्वस्त आवृत्ती असते. असे काही वर्षे चालले, की नटाकडे एकाच भूमिकेच्या निरनिराळ्या प्रती येत राहतात.

त्यातून तो सुटला तो घरी परत जाऊन. नील जॉर्डनच्या ‘ब्रेकफास्ट ऑन प्लूटो’साठी त्याने काही वर्षे आधीच चाचणी दिली होती आणि चित्रपट व्हावा म्हणून तो दिग्दर्शकाच्या मागे लागलेला होता. सीमेजवळच्या आयरिश गावात मुलगा म्हणून वाढवलेली, पण स्वतःला स्त्री मानणारी आणि लंडनमध्ये आपल्या आईचा शोध घेणारी ‘किटन’ ही त्यातली व्यक्तिरेखा. या भूमिकेसाठी त्याला गोल्डन ग्लोबचे नामांकन मिळाले. आज अशी भूमिका कुणी करावी याविषयी वेगळी मते आहेत आणि ती रास्तही आहेत; पण त्या वर्षी दोन खलनायकांच्या शेजारी ही भूमिका उभी राहिल्यामुळे शिक्का पक्का होऊ शकला नाही, हेही खरे.

पुढच्याच वर्षी केन लोचचा ‘द विंड दॅट शेक्स द बार्ली’ आला आणि त्याला कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक, पाम दोर मिळाले. आयरिश स्वातंत्र्ययुद्ध आणि त्यानंतरचे यादवी युद्ध यांत दोन भाऊ परस्परविरोधी बाजूंना कसे जातात याची ही गोष्ट खुद्द कॉर्कच्या भागात घडते आणि तिथेच चित्रित झाली. लोचची पद्धत सगळ्यांहून निराळी आहे: तो कथेच्या क्रमानेच चित्रण करतो आणि पुढे काय होणार हे नटांना आधी सांगत नाही. सहसा चित्रपटाचे तुकडे सोयीप्रमाणे उलटसुलट चित्रित होतात, त्यामुळे नटाला मरणाचे दृश्य पहिल्या आठवड्यात आणि ओळखीचे दृश्य शेवटच्या आठवड्यात करावे लागू शकते. लोचकडे मात्र नट जवळजवळ नाटकासारखा, आरंभापासून शेवटाकडे जातो, फक्त त्याला शेवट माहीत नसतो. रंगभूमीवर वाढलेल्या नटाला ही पद्धत मानवली नसती तरच नवल. मर्फीने साकारलेला डेमियन हा तरुण डॉक्टर सुरुवातीला लंडनच्या रुग्णालयात रुजू व्हायला निघालेला असतो आणि शेवटी भावाच्याच हुकमाने गोळी खातो. त्या दोन टोकांमधला बदल प्रेक्षकाला कुठेही उडी मारल्यासारखा जाणवत नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. २०११ मध्ये गॉलवेच्या कला महोत्सवात मर्फीने एन्डा वॉल्शचे ‘मिस्टरमॅन’ केले. हे एकपात्री नाटक वॉल्शने १९९९ मध्ये लिहून स्वतःच सादर केले होते. मर्फीसाठी त्याने ते नव्याने बांधले. ओसाड गोदामासारख्या प्रचंड जागेत एकटाच असलेला थॉमस मॅगिल नावाचा माणूस टेपरेकॉर्डर लावतो, त्यांतून आईचे आणि गावकऱ्यांचे आवाज येतात, आणि तो एका विशिष्ट दिवसाची पुनरावृत्ती करत राहतो. गावकऱ्यांच्या नकला करतो, धावतो, आदळतो, प्रवचन देतो, आणि त्या दिवशी त्याच्या हातून काय घडले आहे हे प्रेक्षकाला हळूहळू उमगते. दीड तास विंगेत जायला वाव नाही, समोर सहनट नाही, ध्वनिमुद्रित आवाजाशी श्वासाच्या अंतरावर जुळवून घ्यायचे आणि इतक्या मोठ्या जागेत लहान होऊ द्यायचे नाही. गॉलवेहून हे नाटक न्यूयॉर्कमधल्या सेंट ॲन्स वेअरहाऊसला आणि २०१२ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरला गेले, आणि त्याला एकपात्री सादरीकरणासाठीचा ड्रामा डेस्क पुरस्कार मिळाला.

यामागचे गणित सोपे पण फारसे न सांगितले जाणारे आहे. चित्रपटाचा नट महिने मोकळे काढून एवढ्या छोट्या महोत्सवात काम करतो तेव्हा त्याला पैशाच्या दृष्टीने तोटाच होतो. तो तोटा चित्रपटांची कमाई भरून काढते. उलट, चित्रपटामुळे ओळखीचा झालेला चेहरा असला, की गॉलवेत बसवलेले, एरवी तिथेच संपले असते असे नाटक न्यूयॉर्क आणि लंडनची नाट्यगृहे आनंदाने घेतात, आणि त्या दौऱ्यावर लेखक, तंत्रज्ञ, प्रकाशयोजनाकार अशा पुष्कळांचे पोट भरते. आयर्लंडमधल्या कलावंतांची मिळकत किती डळमळीत असते हे सरकारनेही मान्य केलेले आहे. २०२२ मध्ये तिथे २,००० कलावंतांना दर आठवड्याला ३२५ युरो देण्याचा प्रायोगिक कार्यक्रम सुरू झाला. अशा ठिकाणी एखादा नावाजलेला नट परत येणे ही भावुकतेची बाब कमी आणि व्यवस्थेचा भाग जास्त आहे. नटाच्या बाजूने पाहिले, तर चित्रपटात तो दिवसाला दोन-तीन मिनिटांचे काम करतो आणि त्यातले काय ठेवायचे हे संकलक ठरवतो. रंगमंचावर दीड तास सगळे त्याच्या हातात असते. गॉलवेनंतर २०१४ मध्ये वॉल्शचेच ‘बॅलिटर्क’ आले, त्यात त्याच्याबरोबर मिकेल मर्फी आणि स्टीव्हन रे होते. मग २०१८ मध्ये मॅक्स पोर्टरच्या छोट्या पुस्तकावरून वॉल्शने केलेले ‘ग्रीफ इज द थिंग विथ फेदर्स’ आले, ज्यात बायको गेलेला बाप आणि त्याच्या घरात मुक्काम ठोकणारा कावळा या दोन्ही भूमिका मर्फीच करत होता.

या सगळ्याच्या मधोमध २०१३ ते २०२२ अशी नऊ वर्षे ‘पीकी ब्लाइंडर्स’ चालू होती. पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या बर्मिंगहॅमच्या टोळीप्रमुखाची ही सहा पर्वांची, छत्तीस भागांची मालिका त्याला सर्वांत जास्त ओळख देऊन गेली. मालिकेविषयी इतके लिहिले गेले आहे की इथे एकच मुद्दा पुरे: थॉमस शेल्बी फार कमी बोलतो आणि जवळजवळ हलत नाही. त्या स्थिरतेला वजन येते, कारण ‘मिस्टरमॅन’मध्ये भिंतींवर आदळणारे शरीर तिथे मुद्दाम थांबवून धरलेले असते. ही मालिका चालू असतानाच, २०१५ मध्ये, चौदा वर्षे लंडनमध्ये काढून तो कुटुंबासह डब्लिनला राहायला गेला.

नोलनबरोबर मर्फीने सहा चित्रपट केले आणि त्यांतल्या पहिल्या पाचांत तो दुय्यम भूमिकांत होता. २०१७ च्या ‘डंकर्क’मध्ये तर त्याच्या पात्राला नावही नाही, श्रेयनामावलीत तो ‘थरथरणारा सैनिक’ एवढाच आहे. नट मोठा झाला, की भूमिकाही लांब असायला हवी असे धरणाऱ्यांना हे कोडे वाटेल; पण नाट्यमंडळात वाढलेल्या नटाला एका नाटकात राजा आणि पुढच्यात भालदार होण्यात काही विशेष वाटत नाही. दिग्दर्शकाशी जुळलेली कामाची सवय त्याला अधिक मोलाची वाटते. ‘ओपेनहायमर’ हे त्या सवयीचे फळ. सुमारे १० कोटी डॉलर खर्चाचा, तीन तासांचा चित्रपट अवघ्या ५७ दिवसांत चित्रित झाला, आणि डोंगरदऱ्या व युद्धनौका टिपायला वापरतात तो आयमॅक्स कॅमेरा इथे मुख्यतः एका माणसाच्या चेहऱ्यासमोर ठेवलेला होता. त्या कॅमेऱ्याची फिल्म जड असते, तो आवाज करतो, आणि नटाच्या तोंडासमोर हातभर अंतरावर आला, की विसरून जाण्यासारखा राहत नाही. वजन उतरवून गालफडे बसलेला मर्फी त्याच्यासमोर दृश्यामागून दृश्ये जवळजवळ काहीच करत नाही, आणि तरी बघणारा त्या माणसाच्या डोक्यात काय चालले असावे याचा अंदाज बांधत राहतो.

इथे एक छोटे विषयांतर. या भूमिकेच्या तयारीत मर्फीने भगवद्गीता वाचली होती, कारण खुद्द ओपेनहायमर, म्हणजे अणुबाँब घडवणारा शास्त्रज्ञ, बर्कलीत आर्थर रायडर या पंडिताकडे संस्कृत शिकला होता. चित्रपटात गीता ज्या प्रसंगात येते त्यावरून भारतात वादही झाला. अकराव्या अध्यायातल्या ‘कालोऽस्मि’चे इंग्रजीत ‘मी मृत्यू झालो आहे’ असे रूप झाले, आणि त्यात वेळ हा अर्थ गळून पडला असे अभ्यासक सांगतात. मराठी वाचकाला हा पेच तितकासा पडत नाही, कारण आपल्या ‘काळ’ या एका शब्दात घड्याळातला काळ आणि समोर येऊन उभा राहिलेला काळ असे दोघेही नांदतात. चित्रपटातला मर्फीचा चेहरा मला तरी इंग्रजी भाषांतरापेक्षा मराठी शब्दाच्या जवळचा वाटतो. त्यावर भीतीपेक्षा मोजदाद जास्त आहे.

ऑस्कर स्वीकारताना त्याने आपण आयरिश असल्याचा अभिमान बोलून दाखवला, पुरस्कार शांतता घडवणाऱ्यांना अर्पण केला आणि शेवट आयरिश भाषेतल्या आभारांनी केला. पण त्याच्या तीन आठवडे आधी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, बर्लिनच्या महोत्सवाची सुरुवात त्याच्याच निर्मितीसंस्थेच्या ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’ने झाली होती, आणि माझ्या मते त्याची कारकीर्द समजून घ्यायला तो चित्रपट ‘ओपेनहायमर’पेक्षा उपयोगी आहे. क्लेअर कीगनच्या छोट्या कादंबरीची पटकथा लिहिली एन्डा वॉल्शने, दिग्दर्शन बेल्जियमच्या टिम मिलान्ट्सचे. त्यानेच ‘पीकी ब्लाइंडर्स’चे तिसरे पर्व केले होते. गोष्ट १९८५ च्या नाताळाच्या आसपासची, न्यू रॉस या गावातली. बिल फर्लाँग हा कोळसा विकणारा माणूस जोगिणींच्या मठात कोळसा टाकायला जातो आणि तिथे कोंडलेल्या एका मुलीशी त्याची गाठ पडते. चर्चच्या संस्थांनी लग्नाआधी गरोदर राहिलेल्या आणि इतरही कारणांनी नकोशा झालेल्या मुलींना ज्या धुलाईघरांत राबवले, त्या मॅग्डालीन लाँड्रीजचा हा विषय. त्यांतली शेवटची १९९६ मध्ये बंद झाली, म्हणजे कॉर्कमध्ये ‘डिस्को पिग्ज’च्या तालमी चालू होत्या त्याच वर्षी, सरकारने माफी मागितली ती २०१३ मध्ये.

फर्लाँगच्या बायकोची भूमिका आयलीन वॉल्शने केली आहे. २००२ च्या ‘द मॅग्डालीन सिस्टर्स’ या चित्रपटात ती अशाच एका धुलाईघरात पिचलेली मुलगी होती. इथे ती पाच मुलींची आई आहे आणि नवऱ्याला सांगते की काही गोष्टींकडे काणाडोळा केल्याशिवाय संसार चालत नाही. २००१ मध्ये पडद्यावर जी जोडी निर्मात्यांना नको होती, ती आता मर्फी स्वतः निर्माता असताना एका अरुंद स्वयंपाकघरात समोरासमोर बसते. एकेकाळी त्या दोघांनी रंगमंचावर स्वतःची भाषा बोलत सगळे शहर उभे केले होते. इथे त्यांच्यात जेमतेम वाक्ये आहेत, चहाचा कप आहे, आणि घरी आल्यावर फर्लाँग बेसिनपाशी उभा राहून ब्रशने हात घासतो, कोळसा नखांतून निघता निघत नाही.

२०२५ मध्ये आलेल्या ‘स्टीव्ह’चे दिग्दर्शन पुन्हा मिलान्ट्सचे आणि लेखन मॅक्स पोर्टरचे, म्हणजे ‘ग्रीफ’मधल्या कावळ्याच्या जनकाचे आहे. गोष्ट १९९० च्या दशकाच्या मध्यातली, इंग्लंडमधल्या बिघडलेल्या मुलांच्या शाळेतल्या एका दिवसाची, आणि मर्फी तिथे दमलेला मुख्याध्यापक आहे.